फुगलेल्या कपॅसिटरची साथ : चोरीची कथा आणि पुराव्याची बाजू

१/
२००२ च्या सुमारास जगभरातील दुरुस्तीच्या टेबलांवर एकाच लक्षणाचे संगणक येऊ लागले. वय जेमतेम वर्ष-दोन वर्षे, मदरबोर्ड नामांकित कंपनीचा, वापर साधा. तरीही यंत्र अचानक बंद पडे, आपोआप पुन्हा सुरू होई किंवा निळा पडदा दाखवून थिजून जाई. संगणकाच्या इतिहासात हा प्रसंग ‘कपॅसिटरची साथ’ म्हणून ओळखला जातो. त्याच्याभोवती औद्योगिक हेरगिरीची एक चटकदार कथा गुंफली गेली आणि ती आजही सांगितली जाते. त्या कथेत पुराव्याचा भाग किती आणि ऐकीव माहितीचा किती, हे तपासणारा हा थ्रेड.

२/
आरंभी बहुतेकांचे निदान चुकले, आणि त्याला कारणही होते. त्या काळात संगणक अडखळला की पहिला संशय विंडोजवर जाई, दुसरा व्हायरसवर. मग सगळे पुसून विंडोज नव्याने टाकले जाई. रॅम काढून, पुसून पुन्हा बसवली जाई. पॉवर सप्लाय बदलला जाई. कधी यंत्र दोन दिवस बरे चाले आणि पुन्हा तेच. एक लक्षण मात्र लक्षात राहण्याजोगे होते : थंडीच्या सकाळी संगणक चारपाच प्रयत्नांनी सुरू होई, आणि एकदा तापला की दिवसभर बऱ्यापैकी चाले. दोष प्रणालीत असता तर तो हवामान पाहून वागला नसता.

३/
पेटीचे झाकण उघडून प्रोसेसरच्या आसपास नीट पाहणाऱ्यांना उत्तर डोळ्यांनी दिसले. तिथे ॲल्युमिनियमच्या छोट्या नळकांड्यांची रांग असते. त्यांचे माथे सपाट असायला हवेत. ते फुगून घुमटासारखे झाले होते. काहींच्या माथ्यावर तपकिरी खरपूड साचली होती, तर काही तळाच्या रबरी बुचासकट वर उचलले गेले होते. हे होते इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर. पाठ्यपुस्तकातल्या भाषेत धारित्र. सबंध मदरबोर्डच्या तुलनेत किंमत नगण्य, आणि त्यांच्यावाचून प्रोसेसर क्षणभरही नीट चालत नाही.

४/
या वस्तूचा इतिहास संगणकाहून कितीतरी जुना आहे. ॲल्युमिनियमवर विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवता येतो आणि तो थर वीज अडवतो, या गुणाचा उपयोग करून पोलिश विद्युत अभियंता कारोल पोलाक याने १८९६ मध्ये अशा कपॅसिटरच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या रचनेत बोरॅक्सचे द्रावण होते. पुढे १९२५ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल रुबेन याने पातळ द्रावणाऐवजी घट्टसर लेप वापरणारी रचना आणली. आजच्या नळकांड्या कपॅसिटरचा पूर्वज तो.

५/
आतली रचना समजायला सोपी आहे. ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या, त्यांच्यामध्ये कागद, आणि कागदात मुरलेला इलेक्ट्रोलाइट. हे सारे गुंडाळून डबीत बंद केलेले. पट्टीवरचा ऑक्साइडचा थर हाच खरा विद्युतरोधक. तो दर व्होल्टमागे साधारण १.४ नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे कमी व्होल्टेजच्या कपॅसिटरमध्ये काही मोजके नॅनोमीटर. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. वापरात या थराला सूक्ष्म भेगा पडतात आणि इलेक्ट्रोलाइटातल्या ऑक्सिजनने त्या पुन्हा भरून निघतात. कपॅसिटर स्वतःची डागडुजी स्वतःच करत असतो, आणि त्या डागडुजीत थोडा हायड्रोजन वायू सुटतो.

६/
डबीच्या माथ्यावर फुलीच्या किंवा इंग्रजी ‘के’ अक्षराच्या आकाराच्या खाचा दिसतात. त्या शोभेसाठी नाहीत. आत वायूचा दाब वाढला तर डबीचा स्फोट होऊ नये, तिने ठरलेल्या जागीच उकलावे, म्हणून तेवढा पत्रा मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. त्यामुळे फुगलेला माथा हा एक प्रकारचा लेखी जबाबच असतो : आत वायू तयार झाला आणि तो नेहमीच्या प्रमाणाहून फार जास्त झाला. इतका वायू आला कुठून, हा या इतिहासातला पहिला खरा प्रश्न.

७/
त्या उत्तरासाठी प्रोसेसरकडे वळावे लागते. १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रोसेसर ५ व्होल्टवर चालत आणि त्यांना वीजही बेताची लागे. २००० नंतरच्या पेंटियम ४ च्या काळात व्होल्टेज दीडच्या आसपास उतरले, पण विजेची भूक वाढली. हिशेब सरळ आहे : ६० वॅटला १.५ ने भागले की ४० ॲम्पिअर येतात. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट मदरबोर्डवरच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून दीडवर आणले जातात. त्यातून उठणारे तरंग शांत करण्याचे काम या नळकांड्यांच्या रांगेकडे असते.

८/
हे काम करताना कपॅसिटरचा स्वतःचा अंतर्गत रोध फार कमी असावा लागतो. तंत्रज्ञ त्याला ‘ईएसआर’ म्हणतात. रोध जास्त असला तर कपॅसिटर तापतो, तरंग शिल्लक राहतात आणि प्रोसेसरच्या हिशेबात चुका होतात. इलेक्ट्रोलाइट जितका सहज वीज वाहून नेईल, तितका हा रोध कमी. जुन्या इलेक्ट्रोलाइटमध्ये ग्लायकॉलचा भर असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुबिकॉनसारख्या जपानी कंपन्यांनी भरपूर पाणी असलेले इलेक्ट्रोलाइट बाजारात आणले. काहींमध्ये पाण्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांपर्यंत पोहोचले. पाणी स्वस्त, आणि विजेचे वहन उत्तम.

९/
पण पाणी आणि उघडे ॲल्युमिनियम यांचे जमत नाही. दोहोंच्या संयोगाने ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि हायड्रोजन सुटतो. ऑक्साइडचा थर धातूला वाचवतो खरा. पण पाण्याचा मारा सतत चालू राहिला तर तोही खचतो. म्हणून जाणकार उत्पादक इलेक्ट्रोलाइटमध्ये फॉस्फेटसारखी रोधक द्रव्ये घालतात, आणि सुटणारा हायड्रोजन शोषून घेणारी द्रव्येही घालतात. पाण्याचे प्रमाण वाढवणे हा सूत्राचा दिसणारा भाग होता; ही रोधक द्रव्ये हा न दिसणारा. सारी साथ या दुसऱ्या भागाभोवती फिरते.

१०/
आता ती प्रसिद्ध कथा. २००२ च्या शरद ऋतूत ‘पॅसिव्ह कंपोनंट इंडस्ट्री’ या अमेरिकी व्यवसाय-नियतकालिकाने एक वृत्तांत छापला. त्याचा आशय असा : रुबिकॉनमधील एक शास्त्रज्ञ नोकरी सोडून चीनमधील एका कंपनीत गेला आणि तिथे त्याने जपानी इलेक्ट्रोलाइटची नक्कल तयार केली. पुढे त्याचे काही सहकारी ते सूत्र घेऊन बाहेर पडले आणि तैवानच्या कपॅसिटर उद्योगाला स्वस्तात इलेक्ट्रोलाइट पुरवू लागले. मात्र त्यांच्या हाती आलेले सूत्र अपुरे होते. रोधक द्रव्यांचा भाग मागेच राहिला.

११/
फेब्रुवारी २००३ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या अभियंत्यांच्या मान्यवर मासिकाने गळक्या कपॅसिटरची बातमी दिली. त्यानंतर सर्वसाधारण वृत्तपत्रांनीही ती उचलली. चोर, चोरीचा माल, आणि त्या मालातच दडलेली शिक्षा : कथेला हवे ते सगळे इथे होते. चोराने घाईत पाककृतीचे अर्धेच पान फाडून नेले आणि त्याचे जेवण सर्वांना बाधले, असा तिचा थाट. अशी कथा एकदा ऐकली की विसरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हायचे ते नेमके अशाच ठिकाणी.

१२/
या कथेचा आधार तपासला तर तो पातळ निघतो. त्या शास्त्रज्ञाचे नाव वृत्तांतात नाही. मूळ माहिती उद्योगातल्या सूत्रांकडून आलेली. पुढच्या कित्येक लेखांनी त्याच मोजक्या वृत्तांतांचा आधार घेतला. म्हणजे संदर्भ दहा दिसले तरी साक्षीदार तेच. चोरीची घटना सार्वजनिक पुराव्याने आजवर सिद्ध झालेली नाही. याचा अर्थ ती खोटीच आहे असा होत नाही. सिद्ध आणि असिद्ध यांच्यामधल्या जागेत ती उभी आहे, आणि तिला तिथेच उभे ठेवणे हे इतिहासाचे काम.

१३/
प्रयोगशाळेचा पुरावा मात्र ठोस आहे. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी निकामी कपॅसिटर उघडून आतल्या द्रव्यांचे विश्लेषण केले आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. डबीत हायड्रोजन आढळला. तो शोषून घेणाऱ्या द्रव्यांचा मागमूस नव्हता. चांगल्या जपानी कपॅसिटरमधला इलेक्ट्रोलाइट आम्लधर्मी, पीएच ४ च्या आसपास. निकामी कपॅसिटरमधला ७ ते ८, म्हणजे अल्कलीकडे झुकलेला. त्यात ॲल्युमिनियम विरघळलेले होते. आणि ज्या फॉस्फेटने धातूचे रक्षण करायचे, ते नव्हते.

१४/
या निष्कर्षांनी ‘काय बिघडले’ याचे उत्तर दिले. इलेक्ट्रोलाइट अपुरा होता, यात आता शंका नाही. ‘का अपुरा होता’ याचे उत्तर मात्र कोणत्याही परीक्षानळीत सापडत नाही. अर्धे सूत्र चोरल्याने इलेक्ट्रोलाइट अपुरा राहू शकतो. स्वतःच्या बुद्धीने घाईत सूत्र बनवल्यानेही राहू शकतो. खर्च वाचवण्यासाठी एखादे द्रव्य गाळल्यानेही राहू शकतो. वस्तू आपली रचना सांगते. ती करणाऱ्याचा हेतू सांगत नाही. नाणी आणि ताम्रपट वाचणाऱ्यांना हा भेद चांगला ठाऊक असतो.

१५/
चोरीच्या कथेला सर्वांत मोठा धक्का दिला तो डेल कंपनीच्या संगणकांनी. ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० हे कार्यालयांत आणि विद्यापीठांत मोठ्या संख्येने गेलेले यंत्र. त्याच्या मदरबोर्डवरचे जे कपॅसिटर फुगले, ते निचिकॉन या कंपनीचे होते. निचिकॉन ही जपानची, दीर्घ लौकिक असलेली कंपनी. जपानचे सूत्र चोरून तैवानने बिघडवले, ही मांडणी इथे लागूच पडत नाही. एकाच नावाखाली सांगितल्या जाणाऱ्या या साथीत प्रत्यक्षात निरनिराळे दोष एकत्र आले होते. बाहेरचे लक्षण तेवढे सारखे होते.

१६/
डेलच्या प्रकरणाचा आवाका पुढे न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाला. मे २००३ ते जुलै २००५ या काळात कंपनीने अशा धोक्यातील किमान १ कोटी १८ लाख संगणक विकले होते. २००५ मध्ये कंपनीने या दुरुस्त्यांपोटी ३० कोटी डॉलरची तरतूद केली आणि वॉरंटीची मुदत वाढवली. दाव्यातील कागदपत्रांत नमूद असलेल्या एका अभ्यासाचा अंदाज याहून बोलका होता : दोषी कपॅसिटर असलेल्या यंत्रांत तीन वर्षांत बिघाड होण्याचे प्रमाण ९७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

१७/
अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका इंटरनेट सेवा कंपनीने डेलवर दावा लावला होता. त्यातील कागदपत्रे २०१० मध्ये खुली झाली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती लोकांपुढे मांडली. बोर्ड सदोष आहेत असे सुचवणारी भाषा ग्राहकांशी बोलताना टाळावी, अशा सूचना कर्मचाऱ्यांना दिल्या गेल्याचे त्यांत दिसते. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाने तक्रार केली, तेव्हा तिथली यंत्रे अवघड गणिते करून करून थकली, असे कारण पुढे करण्यात आले. गणित करणे हेच ज्याचे काम, त्या यंत्राबद्दल हे स्पष्टीकरण!

१८/
त्याच वृत्तांतातील आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. काही ठिकाणी बिघडलेला मदरबोर्ड काढून त्या जागी तशाच सदोष कपॅसिटरचा दुसरा मदरबोर्ड बसवला गेला. आणि या दाव्यात डेलचा बचाव करणाऱ्या वकिलांच्या संस्थेकडेच असे हजारभर संगणक होते. कंपनीची बाजू अशी होती की दोष पुरवठादाराच्या भागात होता आणि तो साऱ्या उद्योगालाच भोवला. ते अंशतः खरेही आहे. ॲपलच्या आयमॅक जी५ मध्येही कपॅसिटर फुगले आणि कंपनीला विशेष दुरुस्ती योजना जाहीर करावी लागली. पण दोष कुणाचा आणि तो लपवला कुणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१९/
उलट उदाहरण तैवानच्या एबिट या मदरबोर्ड कंपनीचे. हौशी वापरकर्त्यांत तिचे बोर्ड फार लोकप्रिय होते. आपल्या बोर्डांवर सदोष कपॅसिटर लागल्याचे तिने उघडपणे मान्य केले; असे करणाऱ्या कंपन्या मोजक्याच. याचा एक परिणाम असा झाला की साथीच्या बहुतेक कहाण्यांत एबिटचे नाव ठळकपणे येते आणि गप्प बसलेल्यांची नावे येत नाहीत. कबुलीजबाब देणारा कागदपत्रांत उरतो, मौन पाळणारा सुटतो. इतिहासाच्या साधनांमधली ही तिरकी बाजू जुन्या काळापुरती मर्यादित नाही.

२०/
साथीचे निदान तळपातळीवर केले ते दुरुस्ती करणाऱ्यांनी. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. आधी नजर : माथा फुगलाय का, तळाशी ओल किंवा खरपूड आहे का. इथेही फसगत होई, कारण कपॅसिटर हलू नये म्हणून कारखान्यात लावलेला तपकिरी गोंद गळतीसारखाच दिसतो. मग कपॅसिटरवर छापलेली कंपनीची खूण आणि मालिका पाहायची. एकाच बोर्डवर एका कंपनीचे सगळे कपॅसिटर फुगलेले आणि शेजारचे दुसऱ्या कंपनीचे शाबूत, असे वारंवार दिसू लागले, तेव्हा दोष उष्णतेचा किंवा वापराचा नाही, मालाचा आहे, हे स्पष्ट झाले.

२१/
सगळे सदोष कपॅसिटर फुगत नाहीत. काहींचा माथा सपाट राहतो आणि आतला रोध मात्र कैक पटींनी वाढलेला असतो. साध्या मीटरवर धारकता ठीकठाक दिसू शकते. म्हणून ईएसआर मोजणारे वेगळे उपकरण लागते. ‘इलेक्ट्रॉनिक्स ऑस्ट्रेलिया’ या मासिकात १९९६ मध्ये बॉब पार्कर यांची अशा मीटरची रचना प्रसिद्ध झाली होती आणि ती जोडणीच्या संचरूपाने दुरुस्तीवाल्यांत लोकप्रिय झाली होती. साथ आली तेव्हा हत्यार तयार होते. पण प्रोसेसरजवळचे कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले असल्याने एखादा चांगला शेजारी वाइटाला झाकतो. अशा वेळी संशयित सुटा काढूनच मोजावा लागतो.

२२/
कालावधीचा हिशेबही निदानाला मदत करतो. चांगल्या कपॅसिटरवर बहुधा १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास, असे आयुष्य दिलेले असते. तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते. ६५ अंशांवर ते ३२,००० तास भरते. रोज आठ तास वापर धरला तर जवळजवळ अकरा वर्षे. एवढे आयुष्य अपेक्षित असलेला भाग वर्ष-दीड वर्षात माथा फुगवून बसतो, तेव्हा ‘जुने झाले, झिजले’ हे कारण टिकत नाही.

२३/
दुरुस्ती ऐकायला सोपी : जुना काढा, नवा लावा. प्रत्यक्षात मदरबोर्ड अनेक थरांचा असतो आणि आतला तांब्याचा पसरट थर सोल्डरिंग आयर्नची उष्णता शोषून घेतो. शिशाचा डाख १८३ अंशांना वितळतो. युरोपीय नियमांमुळे जुलै २००६ नंतर सर्वत्र पसरलेल्या बिनशिशाच्या डाखाला २१७ अंशांच्या आसपास न्यावे लागते. डाख पुरता वितळण्याआधी कपॅसिटर ओढला तर छिद्राचे तांब्याचे अस्तर निघून येते आणि आतले थर तुटतात. मग कपॅसिटर नवा आणि बोर्ड कायमचा मेलेला, अशी अवस्था होते.

२४/
नवा कपॅसिटर निवडतानाही नियम पाळावे लागतात. धारकता तीच, व्होल्टेज तेवढे किंवा थोडे जास्त, कमी ईएसआरचा, १०५ अंशांचा आणि त्या जागेत मावणारा. ऋण बाजूची पट्टी योग्य दिशेला हवी. बोर्डवरची खूण काही कंपन्यांकडे उलट अर्थाने छापलेली असते, म्हणून जुना काढण्याआधी त्याची दिशा टिपून ठेवायची. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो. आणि फुगलेले दोनच बदलून थांबायचे नाही. त्याच कंपनीचे त्याच मालिकेचे सगळे बदलायचे, कारण उरलेले त्याच वाटेवर असतात.

२५/
एबिटसारख्यांचे बोर्ड भारतातही येत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे सुटे भाग घेऊन ‘असेंबल’ केलेल्या संगणकांचे मोठे केंद्र. अशा संगणकाला एका कंपनीचे एकच नाव नसते. बोर्ड एकाचा, पेटी दुसऱ्याची. त्यामुळे वाढीव वॉरंटीच्या घोषणा ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांत हा ग्राहक सहसा बसत नव्हता. त्याच्यासाठी दोनच वाटा उरत : नवा मदरबोर्ड घेणे, किंवा ‘कपॅसिटर फुगलाय, बदलून देतो’ असे सांगणारा माहीतगार कारागीर गाठणे. काही रुपयांच्या भागापायी हजारोंचा बोर्ड भंगारात जायचा की वाचायचा, हे त्या एका निदानावर ठरे.

२६/
साथ ओसरली ती हळूहळू. २००६-०७ च्या सुमारास मदरबोर्ड कंपन्यांनी द्रव इलेक्ट्रोलाइट नसलेले घन पॉलिमर कपॅसिटर सर्रास वापरायला सुरुवात केली. घन इलेक्ट्रोलाइटची कल्पना नवी नव्हती. सान्योने ओएस-कॉन या नावाने असे कपॅसिटर १९८३ मध्येच आणले होते. महाग म्हणून मागे राहिलेली ती वस्तू साथीनंतर जाहिरातीचा विषय झाली. ‘सर्व घन कपॅसिटर’, ‘जपानी कपॅसिटर’ अशी वाक्ये खोक्यांवर छापली जाऊ लागली. ज्या भागाकडे ग्राहकाने कधी ढुंकून पाहिले नव्हते, त्याच्या नावावर आता बोर्ड विकले जाऊ लागले.

२७/
या साऱ्यातून चोरीची कथा वजा केली तर काय उरते? पाण्याचा मोह, न दिसणाऱ्या रोधक द्रव्यांची उपेक्षा, किमतीची चढाओढ आणि माहीत असूनही न बोलणाऱ्या कंपन्या. ही यादी कमी चटकदार आहे. तिच्यात एक खलनायक नाही, म्हणून ती सांगायला अवघड. पण चोराची कथा स्वीकारली की एका बेनाव माणसावर सारा भार टाकून बाकीचे मोकळे होतात : घाईने माल बाजारात आणणारा उत्पादक, तपासणी न करता तो घेणारा खरेदीदार, आणि ग्राहकाला त्याच्याच गणिताचा दोष देणारा विक्रेता.

२८/
त्या काळातले हजारो मदरबोर्ड अजून माळ्यांवर, भंगाराच्या दुकानांत आणि जुनी यंत्रे जपणाऱ्या हौशी लोकांकडे पडून आहेत. त्यांच्यावरच्या कपॅसिटरवर कंपनीची खूण असते, मालिकेचे नाव असते, बहुधा उत्पादनाच्या काळाचा संकेतांकही असतो. कोणत्या कंपनीचा, कोणत्या काळातला माल किती टिकला, याची नोंद त्यांतून आजही करता येते. वृत्तपत्रांनी जे गृहीत धरले आणि कंपन्यांनी जे सांगितले नाही, त्यातले बरेच त्या फुगलेल्या माथ्यांवर लिहिलेले आहे. म्हणून असा बोर्ड हाती लागला तर डाख वितळवण्याआधी त्याचे एक स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे. दुरुस्तीने यंत्र वाचते, पण काढून टाकलेला कपॅसिटर हाच त्याचा दस्तऐवज असतो.

#संगणकाचा_इतिहास #इतिहास_थ्रेड